चार रुपये पगाराचा बॉलर आणि परळची १९३७ ची निवडणूक

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

दर एप्रिलला, आणि निवडणूक जवळ आली की हमखास, आपल्या भोईवाडा-नायगावच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतो. 'बाबासाहेबांना पाडायला काँग्रेसने एक क्रिकेटर उभा केला होता.' बस, एवढाच मजकूर. त्या क्रिकेटरला बहुतेक वेळा नावसुद्धा नसतं. मग खाली कमेंटमध्ये दोन तट पडतात. एकजण गद्दार म्हणतो, दुसरा म्हणतो बिचाऱ्याचा वापर झाला, तिसरा विषय सोडून आजच्या नगरसेवकावर घसरतो. मी दोन-तीन वेळा तिथे उत्तर टाकायचा प्रयत्न केला, पण कमेंटमध्ये ही गोष्ट मावत नाही. म्हणून इथे सविस्तर.

त्या क्रिकेटरचं नाव बाळू पालवणकर. इंग्रजी स्कोअरकार्डवर पी. बाळू. डावखुरा स्लो बॉलर. फर्स्ट क्लासचे ३३ सामने, १७९ विकेट, सरासरी १५.२१. डावात पाच किंवा जास्त विकेट १७ वेळा. आकडे पुन्हा वाचा. हा माणूस भारताकडून एकही टेस्ट खेळला नाही, कारण भारताची पहिली टेस्ट झाली १९३२ साली आणि तोवर याचा खेळ संपून बारा वर्षं झाली होती. नाहीतर बेदी आणि मांकड यांच्या आधी आपण याचं नाव घेतलं असतं.

घराणं चर्मकार समाजातलं. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून. जन्म धारवाडला, १८७५-७६ च्या सुमाराचा. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे लहानपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेलं. बाळू आणि धाकटा शिवराम, दोघं भाऊ क्रिकेट शिकले ते साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर. कोच नाही, शाळेची टीम नाही, काही नाही.

पहिली नोकरी पुण्यात पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर पिच झाडायची, रोलर फिरवायचा, मधूनच मेंबरांना नेटमध्ये बॉल टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये झाले. तिथेही मैदानाचीच कामं, पण नेट बांधायची, पिच आखायची आणि बॉलिंग टाकायची. कॅप्टन ग्रेग नावाचा एक चांगला बॅट्समन तिथे होता. पहिलं नाव जॉन ग्लेनी, त्याचा उच्चार करता करता लोकांनी त्याचा 'जंगली' ग्रेग करून टाकला, असं म्हणतात. हा जंगली साहेब रोज सगळ्यांच्या आधी येऊन बाळूला बॉलिंग टाकायला लावायचा, आणि आउट केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी गोष्ट सांगतात.

जरा हिशेब करा. महिन्यात आठ वेळा ग्रेगची विकेट काढली तर चार रुपये, म्हणजे पगार दुप्पट. मी तर म्हणेन की आपल्याकडचा पहिला खराखुरा प्रोफेशनल खेळाडू इथे घडला. कामगिरीवर पैसे! आयपीएलवाल्यांनी काही नवीन काढलेलं नाही.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १८९२ च्या नोव्हेंबरात, तिकडे अमेरिकेत पिट्सबर्गला हेफेलफिंगर नावाच्या खेळाडूला एका सामन्यासाठी एका क्लबाने ५०० डॉलर रोख दिले. अमेरिकन फुटबॉलमधला पहिला पगारी खेळाडू म्हणून त्याचं नाव आज लागतं. क्लबाने ते उघडपणे कबूल केलं नव्हतं, कारण पैसे घेऊन खेळणं तेव्हा कमीपणाचं. हिशेबाच्या वहीत नोंद सापडली म्हणून पुढे कळलं. इंग्लंडात तर पगारी आणि बिनपगारी खेळाडूंच्या ड्रेसिंग रूमसुद्धा वेगळ्या होत्या. स्कोअरकार्डवर हौशी 'जंटलमन'ची आद्याक्षरं नावाच्या आधी आणि पगारी 'प्लेयर'ची नावाच्या नंतर. हा भेद तिथे १९६२ पर्यंत चालला. पगारी माणसाने घाम गाळायचा आणि कॅप्टनशिप बिनपगारी साहेबाने करायची, हा दस्तूर. इंग्लंडच्या टेस्ट टीमला लेन हटनच्या रूपाने पगारी कॅप्टन मिळायला १९५२ साल उजाडलं.

तर पगारी असणं हा एक डाग तिकडेही होता. बाळूच्या अंगावर त्यात जातीची भर. पूना क्लबात त्याने किती तास बॉलिंग टाकली याची गणती नाही, पण बॅटिंग करायला कधी मिळाली नाही, असं पुढे त्यानेच मुलाला सांगितल्याचं लिहिलेलं आहे. बॅट धरायची ती मालकाने. बॉल टाकणं हे काम. काम करायला ना नव्हती.

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

पुण्यातल्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं होतं. बाळूला घ्यायचं की नाही यावरून क्लबात वाद झाला. काही तेलुगू मेंबर घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण मेंबर नको म्हणत होते. शेवटी विकेट पाहिजेत म्हणून घेतलं. मैदानावर तोच बॉल सगळ्यांच्या हातातून फिरायचा, बाळूने टाकलेला, दुसऱ्याने पकडलेला, तिसऱ्याने परत फेकलेला. त्याला विटाळ नाही. चहाची सुट्टी झाली की मात्र बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनीमातीच्या कपात चहा पिणार आणि बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात, जे नंतर फोडून टाकायचं. हात धुवायला पाणी घालायचं तर तेही अस्पृश्य नोकरानेच, कोपऱ्यात नेऊन. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल.

विकेट पडत गेल्या. पूना क्लबाला हरवलं. मग साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यालाही हरवलं. बाळूची बॉलिंग बोथट व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी पिचवर आठवडेच्या आठवडे रोलर फिरवला होता म्हणे. बाळूने सात काढल्या. मग सत्कार, हार, भाषणं. न्यायमूर्ती रानडे यांनी एका सभेत सुनावलं, की बाळूबरोबर खेळता तर त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे? टिळकांनीही जाहीर सभेत त्याचा गौरव केल्याचं सांगतात.

१८९६ नंतर पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला आला. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना नुकताच उभा राहिला होता. इथेही काही गुजराती मेंबरांची कुरकुर झाली, पण कॅप्टन कीर्तिकर ठाम राहिले. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेकडूनही खेळला. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही पुढे हिंदू टीममध्ये आले. एका घरातले चार!

१९०६ चा फेब्रुवारी. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू विरुद्ध युरोपियन. या जिमखान्यात हिंदी माणसाला मेंबर होता येत नव्हतं, सामन्यापुरता पाय ठेवता यायचा. हिंदूंचे २४२ आणि १६०, युरोपियनांचे १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूने पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्यात पाच काढल्या. बंगालची फाळणी होऊन चार महिने झालेले, स्वदेशीचं वारं जोरात, त्यात साहेबाला त्याच्याच खेळात, त्याच्याच मैदानावर हरवलेलं. जपानने रशियाला हरवलं त्याच्याशी तुलना झाली! आणि सुधारकांच्या पेपरांनी नेमकं ओळखलं की हा विजय फक्त गोऱ्यांवरचा नाही. ज्या टीमने चर्मकार भावांना घेतलं ती जिंकली. मुंबईत तोवर चहा आणि जेवण एकत्र सुरू झालं होतं. पुण्यातल्या मातीच्या भांड्यापासून इथपर्यंत यायला दहा-बारा वर्षं लागली.

१९११ साली भारताची पहिली टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन कोण, तर पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षं एकोणीस. त्यांचा बराचसा वेळ मेजवान्यांत गेला. टीम सपाटून हरली, २३ सामन्यांत ६ विजय आणि १५ पराभव. त्यात बाळूने, पस्तिशीला आलेल्या या पगारी माणसाने, एकूण ११४ विकेट काढल्या. फर्स्ट क्लासमध्ये ७५. केंब्रिज युनिव्हर्सिटीविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. कॅप्टन पार्टीत आणि बाळू बॉलिंगला, असा तो दौरा होता.

परत आल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्याचा मोठा सत्कार केला. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या पुस्तकात बाळूची सगळी कहाणी मेहनतीने बाहेर काढली आहे. त्यांनी लिहिलं आहे की त्या सत्काराचं मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाने तयार केलं होतं. त्याचं नाव भीमराव आंबेडकर.

हा तरुण पुढच्याच वर्षापासून आपल्या परळच्या बीआयटी चाळीत राहायला होता. चाळ नंबर एक, दुसरा मजला, खोली नंबर ५० आणि ५१. मधली परदेशातली वर्षं सोडली तर १९३४ ला दादरच्या राजगृहात जाईपर्यंत त्यांचा पत्ता हाच. त्यांनी वीस वर्षांच्या वयात ज्या माणसाकडे आपल्यातला मोठा माणूस म्हणून पाहिलं, तो बाळू. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हे कृपा करून ध्यानात घ्यावं.

आता कॅप्टनशिपचं प्रकरण. ते मी जरा रेंगाळत सांगणार आहे.

१९१० पासून बाळू हिंदू टीमचा सगळ्यात अनुभवी आणि सगळ्यात कर्तबगार बॉलर. कॅप्टन कोण करायचा हा प्रश्न दरवर्षी यायचा आणि दरवर्षी त्याचं नाव मागे पडायचं. १९१३ ला एम. डी. पै यांना कॅप्टन केलं. पै सारस्वत ब्राह्मण, उत्तम खेळाडू आणि सरळ मनाचा माणूस. सत्काराला उत्तर देताना ते उघड बोलले, की हा मान खरं तर बाळूंना मिळायला हवा होता, ते माझ्यापेक्षा ज्येष्ठ आहेत. आपल्या हारतुऱ्यांच्या समारंभात असं बोलायला छाती लागते. आजही लागते.

१९२० ला चौरंगी सामने. पै आजारी पडले. कॅप्टनशिप गेली दि. ब. देवधरांकडे आणि बाळूला तर टीममधूनच वगळलं. देवधर मोठे खेळाडू होते, त्यात वाद नाही, पण ते ज्युनियर होते. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोन भावांनी टीम सोडली आणि कारण लपवलं नाही. जाहीर पत्रक काढून सांगितलं, की आमच्या भावाला आणि आम्हाला डावललं जातं ते जातीमुळे. मोठा गदारोळ झाला. फायनलच्या आधी पै बरे होऊन परतले, भावांची समजूत निघाली, बाळूला टीममध्ये घेऊन व्हाइस कॅप्टन केलं. त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले. का? तर तेवढा वेळ बाळूने टीम चालवावी म्हणून.

पंधरा वर्षं टीमला जिंकून देणाऱ्या माणसाला कॅप्टनशिप मिळाली ती अशी, दुसऱ्याच्या सौजन्याने, काही तासांपुरती. हा किस्सा लोक 'किती छान' म्हणून सांगतात. पै यांच्याबद्दल छान आहेच. पण मला तो वाचताना दर वेळी राग येतो.

विकेट काढण्यासाठी बाळू लागतच होता, त्याच्याशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून मैदान उघडलं. कॅप्टनशिपवर विकेट अवलंबून नव्हत्या. तिथे गरज नव्हती, म्हणून ते दार बंद राहिलं. काम करायला ना नव्हती, हे वर म्हटलं ते हेच.

पण गोष्ट इथे थांबत नाही. १९२३ ला धाकटा भाऊ विठ्ठल हिंदू टीमचा कॅप्टन झाला. आदल्या वर्षी त्यालाही डावललं होतं, पण मधल्या काळात हवा बदलली होती. गांधीजींची अस्पृश्यतेविरुद्धची मोहीम, पेपरांतली टीका आणि मुख्य म्हणजे विठ्ठलची बॅट. त्या वर्षी हिंदू जिंकले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. ज्याच्या भावाला मातीच्या भांड्यात चहा दिला होता, त्याला सवर्ण पोरांनी खांद्यावर घेतलं. विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. मिळालं तर जरूर वाचा.

आता स्वतःला बाळूच्या जागी ठेवून बघा. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच हयातीत, कपापासून खांद्यापर्यंतचा प्रवास झाला. त्याला तीसेक वर्षं लागली, अपमान झाले, पण झाला. अशा माणसाला वाटणारच की हा समाज आतून बदलतो, थोडा धीर धरा, आपली किंमत दाखवून द्या. हा भाबडेपणा म्हणता येणार नाही. हे त्याचं आयुष्य होतं.

आणि बाबासाहेबांचं आयुष्य वेगळं सांगत होतं. १९२४ ला आपल्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची सुरुवात झाली. १९२७ ला महाडला तळ्याचं पाणी प्यायले म्हणून लोकांना मारहाण झाली, आणि नंतर सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. महाडच्या तळ्यावर कुणाला विकेट काढून दाखवता येत नव्हत्या. तिथे पाणी प्यायचा हक्क हवा होता, तोही कुठलीही कामगिरी न करता, नुसता माणूस म्हणून. आणि तीस वर्षं थांबायला कुणाकडे वेळ नव्हता.

दोघांनी एकच समाज पाहिला. हिशेब वेगळा आला.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधानांनी अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ जाहीर केले, गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. बाळू गांधीजींच्या बाजूने समेटाच्या खटपटीत होता. करारावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत डॉ. आंबेडकर आहेत आणि पी. बाळूही आहे. एकाच कागदावर दोघे. बाबासाहेबांनी ती सही कुठल्या दबावाखाली केली ते आपल्याला ठाऊक आहे. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या, पण निवडायच्या संयुक्त मतदारसंघातून, म्हणजे सगळ्यांच्या मतांवर.

त्यानंतर बाळूने हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई म्युनिसिपालिटीची निवडणूक लढवली आणि हरला. १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. बाळूने या धर्मांतराच्या घोषणेला विरोध केला. म्हणजे १९३७ च्या आधीच दोघांच्या वाटा पुरत्या वेगळ्या झाल्या होत्या. काँग्रेसने रस्त्यावरून कुणी पकडून आणला आणि उभा केला, असा प्रकार नव्हता.

काँग्रेसचा हिशेब मात्र स्वच्छ होता. बाबासाहेबांनी १९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्यांना टक्कर द्यायला अस्पृश्य समाजातला, सवर्णांनाही चालणारा, शिवाय नावाजलेला माणूस पाहिजे होता. असं नाव मुंबईत एकच होतं. पुन्हा तेच, विकेट पाहिजे म्हणून बाळू.

मतदारसंघ होता भायखळा-परळ, मुंबईचे ई आणि एफ वॉर्ड. म्हणजे आपलाच. गिरणगावच म्हणा ना. आणि जागा कुठली? पुणे करारातून आलेल्या राखीव जागांपैकीच एक. ज्या कागदावर दोघांनी सह्या केल्या, त्याच कागदाने तयार केलेल्या जागेसाठी दोघे आमनेसामने.

तेव्हा सगळ्यांना मत नव्हतं. कर, घरभाडं, शिक्षण अशा अटी होत्या, त्यामुळे आपल्या चाळींतली कितीतरी माणसं यादीतच नव्हती. एका मतदारसंघातून एकापेक्षा जास्त उमेदवार निवडायचे आणि मतदाराला आपली सगळी मतं एकालाच टाकायची मुभा होती. ही मुभा बाबासाहेबांच्या पक्षासाठी फार मोलाची होती. कारण संयुक्त मतदारसंघात अल्पसंख्याकाला आपला माणूस आणायचा तर मतं फुटू न देणं हाच एक उपाय. एक माणूस, एक नाव, सगळी मतं तिथे. हा प्रचार चाळीचाळीतून करावा लागला असणार, जिन्याजिन्यावर.

निकाल लागला. डॉ. आंबेडकर १३,२४५. बाळू पालवणकर ११,२२५. फरक २,०२० मतांचा.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. देशभर काँग्रेसची लाट होती, मुंबई प्रांतात सरकार काँग्रेसचंच आलं, तरी या वॉर्डांनी बाबासाहेबांना निवडून दिलं. आणि अकरा हजार मतं बाळूला पडली, ती काही सगळी काँग्रेसच्या भीतीने पडली नाहीत. गोऱ्यांच्या विकेट काढणारा बाळू लोकांना आठवत होता.

परळने निवडून दिलेल्या माणसाने त्या जागेचं काय केलं तेही बघा. १९३७ च्या सप्टेंबरात विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. आपल्याकडच्या गिरण्यांतले कितीतरी लोक ज्या कोकणातून आलेले, त्या कोकणातल्या कुळांचा हा प्रश्न. पालवणकरांचं मूळ गावही त्याच मुलखातलं. मग १९३८ ला काँग्रेस सरकारने कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधनं घालणारं औद्योगिक विवाद बिल आणलं. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबरला मुंबईत संप झाला, स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून, आणि संध्याकाळी आपल्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. बाळू निवडून आला असता तर पक्षाच्या शिस्तीत राहून त्याला त्या बिलाच्या बाजूने हात वर करावा लागला असता. माणूस चांगला होता, पण त्याने धरलेला हात त्याला तिकडेच नेणार होता. माझ्या मते १९३७ ला परळच्या मतदारांनी बरोबर निवड केली. हे माझं मत आहे, ज्यांना पटणार नाही त्यांनी सभ्य भाषेत लिहावं.

पण गद्दार? हा शब्द कशाच्या जोरावर वापरता? ज्याने मातीच्या भांड्यात चहा पिऊन बॉलिंग टाकली, ज्याच्या भावांनी जातीमुळे डावलतात हे छापून सांगितलं, तेही महाडच्या सात वर्षं आधी, त्याला? बाळूला गद्दार ठरवायचं तर १९११ च्या मानपत्राचं काय करणार?

आणि दुसऱ्या बाजूलाही एक सांगायचंय. 'खेळात जात नसते, बघा बाळूला किती मान मिळाला' असं सांगत जे बाळूचं नाव पुढे करतात, त्यांनी १९१० ते १९२० ची कॅप्टनांची यादी एकदा काढून बघावी.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेत बाबासाहेब उत्तर मुंबईतून हरले ते काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांकडून. तेही चर्मकार समाजातले. सदतीसला फसलेला डाव बावन्नला जमला. पण ती वेगळी पोस्ट होईल, तिच्यात कम्युनिस्टांचा भाग मोठा आहे.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारला. पुढच्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धर्मांतर झालं आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

'लगान'मधला कचरा बाळूवरून घेतला असं सगळे म्हणतात. असेलही. मला ते फारसं पटत नाही. कचराला भुवन हात धरून टीममध्ये आणतो आणि त्याच्या फिरकीचं त्याला स्वतःलाच कळलेलं नसतं. बाळूला आपल्या हातात काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. आठ आण्यांच्या हिशेबाने ठाऊक होतं. आता त्याच्यावर मोठ्या नटाचा सिनेमा येणार अशा बातम्या मध्यंतरी आल्या होत्या. आला तर सदतीसची निवडणूक दाखवतात की १९०६ च्या विजयावर तिरंगी संगीत लावून संपवतात, ते बघू.

प्रभादेवीला पी. बाळू मार्ग आहे. सेंच्युरी बाजारच्या बाजूला. तिथून जाणाऱ्यांना विचारलं तर कुणी म्हणतं नगरसेवक असेल, कुणी म्हणतं गिरणीतला पुढारी. पाटीवर क्रिकेटचं नाव नाही आणि निवडणुकीचंही नाही.

एक विनंती. भोईवाडा, पोयबावडी, नायगाव, लालबाग, काळाचौकी या भागात ज्यांची घरं तीन-चार पिढ्यांची आहेत, त्यांच्याकडे १९३७ च्या प्रचाराचं काही पत्रक, मतदार यादीचं पान, आजोबांनी सांगितलेली आठवण असेल तर कमेंटमध्ये टाका. कुणाचेही असोत, बाबासाहेबांच्या बाजूचे की बाळूच्या. फोटो काढताना कागद सपाट ठेवून उजेडात काढा, फ्लॅश नको. आणि विठ्ठलच्या आत्मचरित्राची जुनी प्रत कुणाकडे असेल तर मला दोन दिवस वाचायला हवी आहे, घरी येऊन घेऊन जाईन, कव्हर घालून परत देईन.